शरमेला माप कोणते?

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी मोजमापाला मोठा मान असतो. भाजणीला डाळींचे प्रमाण, अनारशाला गुळाचे, करंजीला मोहनाचे; एक वाटी इकडची तिकडे झाली की खुसखुशीतपणा गेलाच! मुलांचेही आपण सारे काही मोजतो. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करतो, ताप आला की पारा पाहतो, प्रगतिपुस्तकातला अर्धा गुणही नजरेतून सुटू देत नाही. पण एखादे दिवशी मूल शाळेतून गप्प गप्प घरी येते, डबा तसाच परत आणते आणि "उद्यापासून जाणार नाही" म्हणते. कुणीतरी त्याला जातीवरून, बोलीवरून, नाहीतर आजारावरून हिणवलेले असते. मनाला लागलेला हा डाग कोणत्या मापाने मोजायचा?

प्रश्न वाटतो तितका हळवा नाही. नंदुरबार जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला हा सातपुड्याच्या कुशीतला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत येथे साडेसोळा लाखांच्या आसपास माणसे भरली, आणि शंभरांतली एकोणसत्तर आदिवासी होती. शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. माणसाला क्रमांक देणे सोपे. त्याच्या मनात शिरणे अवघड!

या भागातल्या भिल्ल, पावरा आदी जमातींत सिकल सेल नावाचा रक्ताचा विकार आढळतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांच्या ठणक्याने तळमळते. विकार आईबापांकडून येतो, शिवण्याने किंवा एका ताटात जेवण्याने नव्हे. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल केवळ 'वाहक' असते. ते सहसा ठणठणीत असते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर मात्र प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. म्हणून १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासून त्यांना कार्डे द्यायची, असा तिचा संकल्प.

आता कल्पना करा, चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती 'वाहक' असे कार्ड आले. डॉक्टरांच्या लेखी ती एक साधी माहिती. पण शेजारणीच्या कानाला तो शब्द 'रक्तात खोट' असाच ऐकू येतो. मग घरचे काय करतील? कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाईल. लग्नाच्या वेळी कुणी विचारणार नाही, कुणी सांगणार नाही, आणि जे टाळण्यासाठी तपासणी केली तेच घडेल. रक्ताची तपासणी करायची आणि शरमेकडे काणाडोळा करायचा, म्हणजे अर्धेच काम झाले.

शरम मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बोगार्डस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने लोकांना पायरीपायरीने विचारले: अमक्या जमातीच्या माणसाशी सोयरीक कराल का? निदान शेजारी चालेल का? तेही नाही, तर आपल्या धंद्यात कामाला? नकार कोणत्या पायरीवर येतो, ते मनातल्या अंतराचे माप! पुढे १९९२ साली मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिचा उगम आपल्या मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या अभ्यासात आहे. तिच्या एका प्रचलित रूपात समाजातल्या लोकांना पंधरा प्रश्न विचारतात: हा रोग झालेला माणूस तो लपवील का? घरच्यांना कमीपणा येईल का? लग्न जमायला अडचण पडेल का? 'होय'ला दोन गुण, 'कदाचित'ला एक, 'नाही'ला शून्य.

मोठ्यांपुरते हे ठीक. पण नऊ वर्षांच्या मुलाला सोयरिकीचे काय विचारणार? 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या पाच पायऱ्या त्याला कशा चढता येणार? त्यातून प्रश्न पुस्तकी मराठीत, मूल घरी पावरी बोलणारे, आणि गुरुजी समोर उभे! मग ते गुरुजींना आवडेल तेच उत्तर देते. श्रीमंत देशांतल्या प्रौढांसाठी केलेली मोजपट्टी गरीब देशांतल्या लेकरांना जशीच्या तशी लावली, की बापाचा सदरा मुलाला घालावा तसे होते.

म्हणून जाणकार वेगळ्या वाटेने जातात. प्रश्न मुलाच्या बोलीत न्यायचा, दुसऱ्याकडून तो पुन्हा मूळ भाषेत आणवायचा आणि अर्थ सांडला नाही ना, ते पाहायचे. मुलालाच विचारायचे, "तुला यातून काय कळले?" स्वतःविषयी बोलायला ते लाजते, तेव्हा दुसऱ्याच मुलाची गोष्ट सांगून "त्याला काय वाटले असेल?" असे पुसायचे. आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: प्रत्यक्ष कुणी हिणवले का, हिणवतील अशी धास्ती आहे का, आणि 'मीच हलका' असे मुलाला स्वतःला वाटू लागले आहे का. तिसरी सर्वांत वाईट. कुणी काही न बोलताही ती मुलाला पोखरते.

या तिसऱ्या दुखण्यावरचा एक उपाय नंदुरबारच्याच मातीत सापडला होता. १९३० च्या दशकात तळोदे भागातल्या गुलाम महाराजांनी आपल्या आदिवासी बांधवांना एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवले. ज्यांना जन्मभर 'अरे-तुरे' ऐकावे लागले, त्यांनी आधी आपसांत आदर मोजून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी प्रश्नावली लागली नाही. एक शब्द पुरला.

तुम्ही म्हणाल, सातपुड्यातल्या मुलांचे हे दुःख. त्याचा आमच्या पुण्या-मुंबईच्या घराशी काय संबंध? संबंध आहे. धडगाव-अक्कलकुव्याचा मुलगा शिकायला पुण्या-नाशकाला येतो, तेव्हा त्याच्या बोलीवर हसणारी मुले आपल्याच घरांतली असतात. मोजपट्टी नेहमी सोसणाऱ्याला लावतात. ती हसणाऱ्यालाही लावायला हवी. फराळाच्या ताटाभोवती सगळे जमतील, तेव्हा मुलांना सहज विचारून पाहा: वर्गात कुणाजवळ कुणी बसत नाही? का बसत नाही? तू बसशील का?

उत्तर ऐकून रागावू नका. ते कुठून शिकले, याचा मात्र जरा शोध घ्या. बहुधा फार लांब जावे लागणार नाही.