वीज जात विचारत नाही, मग मरतो कोण?

दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : वीज पडून शेतमजूर महिलेचा मृत्यू. गावाचे नाव, वय, आणि शेवटी ठरलेले वाक्य, परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. आम्ही विचारतो, हळहळ व्यक्त करून झाल्यावर काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसे मेली. त्यांतली २,८८७ एकट्या विजेने. म्हणजे तीनांतला एकाहून जास्त. पूर आला की मंत्री हेलिकॉप्टरने पाहणी करतात. वीज मात्र एकेकाला, वेगवेगळ्या रानात गाठते. त्यामुळे तिच्या बळींची गर्दी कधी दिसत नाही.

गावात याची दोन स्पष्टीकरणे तयार असतात. एक, देवाची करणी. दुसरे, तो पायाळू होता. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते. मेलेल्याच्या जन्मातच खोट काढायची ही रीत आपल्याला नवी नाही. जो मेला त्याच्या कपाळावर दोष लिहिला की बाकी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

बुद्धाने शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा आधी कारण पाहू.

उन्हाळ्यात दुपारपर्यंत जमीन तापते आणि तिच्यालगतची हवा तापून हलकी होते. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेले बाष्प तिच्यात असेल आणि वर थंड हवा असेल, तर ही हवा वेगाने वर चढते. चढताना ती थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात, आणि थेंब बनताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर रेटली जाते. दुपारी कापसासारखा दिसणारा ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच काळा डोंगर होतो. म्हणूनच आपल्याकडची वळवाची वादळे बहुतेक दुपारनंतर येतात, म्हणजे नेमकी मजूर रानात असतात तेव्हा.

ढगाच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक कण वर जात असतात आणि मऊ गारा खाली येत असतात. त्यांच्या टकरीत विद्युतभार विभागला जातो. ढगाचा माथा धन होतो, मधला-खालचा भाग ऋण. हा फरक हवेला पेलवेनासा झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा एकदम फुगते, तोच गडगडाट. याच ढगातून गारा पडतात आणि याच ढगातून खाली आदळणारा वारा वस्तीवरचे पत्रे उडवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भात गारपिटीने उभी पिके झोडपून काढली, ती अशाच ढगांची करणी होती. यात देव कुठेच नाही, जन्माचा दोषही नाही.

वीज जमिनीकडे येते तेव्हा खालच्या उंच वस्तूंमधूनही विद्युतभार वर झेपावतो. दोन्ही जिथे जुळतात, तिथे वीज पडते. माळरानावर एकटे झाड उंच असते. झाड नसेल तर उभा माणूसच सगळ्यांत उंच.

आता खरा प्रश्न. कोणी म्हणेल, वीज जात बघत नाही, मग यात जात कशाला आणता? बरोबर, वीज जात बघत नाही. पण दुपारी चार वाजता उघड्या रानात कोण उभे असेल, हे वीज ठरवत नाही. ते सातबारा ठरवतो. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन पिढ्यान्‌पिढ्या येऊ दिली नाही, ते दुसऱ्याच्या रानात रोजाने राबतात. आभाळ भरून आले म्हणून मजूर बाई घरी निघाली तर अर्धा रोज बुडतो. ती थांबते, आणि पाऊस सुरू झाला की झाडाखाली जाते, कारण दुसरा आडोसाच नसतो.

हीच विषमता मेल्यानंतरही सुटत नाही. विजेने मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून चार लाखांची मदत मिळते, ती जमीन नसलेल्यालाही मिळते. तिच्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, हे वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे दोन लाख फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला आहेत. एकाच बांधावर, एकाच विजेने मालक आणि मजूर मेले, तर मजुराच्या घराला या योजनेत जागाच नाही. शेतकऱ्याला मदत मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. शेतात राबून मरणारा भूमिहीन शासनाच्या लेखी शेतीतला माणूस का नाही, एवढेच विचारतो.

बाबासाहेबांनी आपत्तीकडे कसे पाहिले ते आठवा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी ओडिशाच्या महापुरांचा प्रश्न मांडला. पुराचे पाणी ही नशिबाची मार नाही, ते अडवून, साठवून उपयोगात आणता येते, अशी त्यांची भूमिका होती. आपत्ती हा राज्यकर्त्यांच्या कामाचा विषय आहे, हा तो धडा. वादळ आपण थांबवू शकत नाही. वादळात माणूस उघड्यावर राहणे थांबवू शकतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. भूमिहीन शेतमजुरांना अपघात योजनेत घ्या. वस्तीतली शाळा, समाजमंदिर आणि विहार यांवर वीजरोधक बसवा, शिवारात पक्के निवारे बांधा. इशारा आला म्हणून काम थांबले तर मजुरी कापू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी ॲप बनवले आहे, ते चांगलेच आहे. पण स्मार्टफोन आणि रेंज नसलेल्या बाईपर्यंत तो इशारा पोहोचवायला माणूस लागतो.

तो माणूस तुम्ही व्हा. आपली भीमजयंती १४ एप्रिलला, ऐन वळवाच्या तोंडावर येते. लोखंडी मंडप आणि मिरवणूक उघड्यावर असते. जयंती मंडळाच्या दोघांनी आभाळाकडे आणि दामिनीकडे लक्ष ठेवावे. विहाराचा भोंगा इशाऱ्यासाठी वापरावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली थांबू नये. रानात अडकलात तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वीज लागलेल्याला हात लावू नका, शॉक बसेल, असे लोक ओरडतात. काही ठिकाणी त्याला शेणात पुरतात आणि जीव वाचवायची वेळ तिथेच जाते. शिवू नका, हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. तो तेव्हाही खोटा होता, इथेही खोटा आहे. विजेचा भार अंगात राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबा, १०८ ला फोन लावा, आणि मदत येईपर्यंत दाबत राहा. थांबलेले हृदय पुन्हा सुरू होऊ शकते.

वैज्ञानिक दृष्टिकोन संविधानाच्या कलम ५१क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिला आहे. यंदाच्या जयंतीत व्याख्यानाआधी पंधरा मिनिटे छाती दाबायचे प्रात्यक्षिक ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्या गावाचे नाव त्या चार ओळींच्या बातमीत येऊ नये, यासाठी एवढे तरी करू.

जय भीम!