झाडं लावायला सगळे येतात, घाणेरी उपटायला कोण येणार?

जुलै आला की आपल्याकडं वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. खड्डा एक, हात लावणारे दहा. 2019 ला तर राज्याचं उद्दिष्ट 33 कोटी झाडांचं होतं. लावा, माझा विरोध नाही. पण त्याच डोंगरावर नको ते काय वाढलंय आणि ते काढायचं उद्दिष्ट कुणाला दिलंय, हे विचारलं की सगळे गप्प.

डिंभ्याहून भीमाशंकरकडं जाताना नाहीतर आपटाळ्याच्या वर नाणेघाटाच्या बाजूला जाताना रस्त्याच्या कडेला बघा. रंगीबेरंगी फुलांची, काटेरी, उग्र वासाची झुडपं. घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं. मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी बागेची शोभा म्हणून आणली आणि ती बागेत राहिली नाही. काळी फळं पाखरं खातात आणि बी डोंगरभर पोचवतात. देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी 40 टक्क्यांहून जास्त भागात ती पसरल्याचं 2020 च्या एका अभ्यासात आलं होतं.

जनावरं तिला तोंड लावत नाहीत, आणि चारा नाही म्हणून लावलंच तर कावीळ होते, कातडी उन्हानं सोलते. म्हणजे जिथं घाणेरी आली तिथलं गायरान कागदावरच राहिलं म्हणायचं. खाली पवन्या, मारवेल काही उगवत नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांचा यातला प्रश्न आणखी मोठा आहे. तिथं हातात पैसा येतो तो बाळहिरड्याचा. 2020 च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं मोडली, भरपाईसाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. भरपाईवर बोलणं झालं, पण मोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड यायला हवं यावर कुणी बोललं नाही. सावली मोडली, ऊन खाली आलं की घाणेरीला आणि रानमोडीला रान मोकळं होतं. त्या जाळीत हिरड्याचं रोप वर येणार कसं? आणि उन्हाळ्यात वणवा लागला की हे वाळलेलं झुडूप पेटतं, रोपं जळतात. घाणेरी मात्र पहिल्या पावसात बुडापासून परत फुटते. दरवर्षी हाच खेळ.

बिबट्याचं म्हणाल तर तो उसात राहतो हे आपल्याला सांगायला नको. पण ओढ्याकाठची घाणेरीची दाट जाळी हीसुद्धा त्याला लपायला आयती जागा आहे. वस्तीलगतचा, शाळेच्या वाटेवरचा तेवढा पट्टा तरी मोकळा ठेवता येईल की नाही?

आता उपटायचं कसं. जेसीबी लावून जमीन खरवडली की मोकळ्या मातीत तीच पहिली उगवते. कोयत्यानं वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुळवलेली पद्धत साधी आहे: मातीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मुळावर घाव घालायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर. कॉर्बेटच्या जंगलात हे केलंय. त्यानंतर मोकळ्या जागी लगेच गवताचं बी टाकायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं हातानं काढायची. खरं काम हे शेवटचंच, आणि त्यात फोटोला काही नसतं. कर्नाटकात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या-टेबलं बनवतात. चांगलंच आहे, पण फर्निचर करून डोंगर मोकळा होत नाही.

खालच्या बागायती भागात मान गाजर गवताची. पुण्यात 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, आज बांध, बाजार समितीमागची पडीक जागा, शाळेचं मैदान, काही सुटलं नाही. एक झाड हजारो बिया टाकतं. अंगाला खाज, दमा हे तर आहेच. वर पिठ्या ढेकणासारखी कीड त्यावर मुक्काम करते आणि तिथून पिकात उतरते. टोमॅटोवर हजारो रुपयांची फवारणी करणारे आपण बांधाकडं बघत नाही (मीही त्यातलाच). मेक्सिकन भुंगा त्याची पानं खातो, तो दिसला तर औषध मारू नका. पण तो पावसाळ्यापुरता. हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटणं हाच उपाय, म्हणजे आत्ता.

पर्यटनवाल्यांनाही एक विनंती. दुर्गवाडीच्या पठारावर फुलते ती आपली बुटकी सोनकी. सप्टेंबरात रस्त्याकडेला कमरेएवढी वाढणारी नारिंगी-पिवळी फुलं कॉसमॉसची, तीही मेक्सिकोची. तिचं बी गोळा करून गडावर टाकू नका. बियांचे गोळे फेकायचा उत्साह असेल तर आत कोणतं बी आहे ते आधी बघा. सुबाभूळ आणि उंदीरमारीचं तर नकोच. उंदीरमारी बांधावर ठीक, पाल्याचं खत होतं. डोंगरावर तिचं काम नाही.

हे कुणी करायचं? वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय कुदळ चालवू नका, अभयारण्यात तर नाहीच. पण 2006 च्या कायद्यानं ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत त्यांच्या ग्रामसभेला जंगल राखायचा हक्क आहे. गायरान तर पंचायतीचंच. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढंच मांडा: रोपांसाठी जेवढा खर्च धरलाय त्यातला काही भाग घाणेरी काढायला आणि पुढं तीन वर्षं ती जागा राखायला, मजुरी रोजगार हमीतून. ठराव लिहून घ्या, सही घ्या, आणि कोणत्या गटातल्या किती एकरावर काम होणार ते त्यात येऊ द्या.

तुमच्या गावच्या गायरानात सध्या काय माजलंय, त्याचा फोटो खाली टाका. गावाचं नाव लिहायला विसरू नका.