सोबत कोण, मागे कोण?

पिंपरीच्या बाजारपेठेत साठी ओलांडलेल्या एखाद्या व्यापाऱ्याला लंडन पाहण्याचे कधीपासून मनात आहे, असे विचारले तर उत्तर वर्षांत मिळत नाही, कारणांत मिळते. थोरलीचे लग्न ठरले, मग दुकानाचे नूतनीकरण निघाले, मग आईचे आजारपण, मग नोटाबंदी, मग जीएसटी, मग कोरोना. पासपोर्ट काढला होता. त्याची दहा वर्षांची मुदत एकही शिक्का न बसता संपली आणि नवा आला, तोही कोराच आहे. काशीला जाण्याचे रोज नुसते बोलत राहिले तरी पुण्य पदरी पडते, असा एक जुना समज मराठी घरांत होता. लंडन, रोम किंवा क्योटोच्या बाबतीत तशी सवलत कोणी दिलेली नाही.

व्यापाऱ्याचे पंचांग पाहिले तर त्याला दोष देणेही अवघड जाते. एप्रिलमध्ये मार्चअखेरचा ताळेबंद जुळवायचा असतो. मे लग्नसराईचा. जून-जुलैत शाळांची आणि पावसाळी मालाची खरेदी, त्याच सुमारास चातुर्मास बसतो आणि अनेक घरी दूरचा प्रवास टाळतात. मागोमाग पर्युषण. सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण, पुढे दिवाळी व लाभपंचमी, डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरण आणि फेब्रुवारीत पुन्हा मार्चची चाहूल. शिवाय दर महिन्याची वीस तारीख आहेच. औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्यांना माल पुरवणारा दुकानदार त्या दिवशी येणी वसूल करत फिरतो. या पंचांगात सलग पंधरा दिवसांची मोकळी जागा शोधायची तर जानेवारीचा उत्तरार्ध तेवढा सापडतो, आणि नेमकी तेव्हा युरोपात कडाक्याची थंडी असते.

स्त्रीच्या पंचांगात तर तेवढीही फट नसते. सुनेचे बाळंतपण, नातवाची परीक्षा, सासूबाईंचे वर्षीतप, पाहुणे. ती शिखरजीला जाऊन आलेली असते, पालिताण्यालाही, पण संघाबरोबर. एकटीने जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण?’ पुरुषाला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो : ‘मागे कोण?’ दोन्ही प्रश्न काळजीपोटी विचारले जातात आणि दोन्हींनी प्रवास अडतो. यांतला पहिला प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. खरा अडसर दुसरा आहे, आणि तो स्त्रीलाही तितकाच लागू आहे. फक्त तिच्या बाबतीत तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

या दोन्ही प्रश्नांना शंभर वर्षांपूर्वी एका बाईने दिलेले उत्तर पिंपरीपासून फार दूर नाही. पुण्याच्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, महर्षी कर्व्यांची संस्था आजही उभी आहे. १८९६ साली पुण्यात सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आला. त्या आश्रमाच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी एक पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा, देवरुखचा. विशीतच वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. त्यांची बहीण गोदूबाई हिने १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. पुढे महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. पार्वतीबाईंनी पुनर्विवाहाची वाट धरली नाही. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, शिक्षिका झाल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या.

वर्गणी मागणे हे काम किती कठीण, हे समाजाच्या कोणत्याही ट्रस्टवर बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. घराघरांत जायचे, नकार हसून घ्यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा जायचे, आणि आलेल्या पै-पैची पावती द्यायची. पार्वतीबाई या कामात इतक्या तरबेज झाल्या की त्यांच्याशिवाय आश्रमाचे पान हलेना. मनात मात्र एक सल होती : इंग्रजी येत नाही. शिकण्याचा निश्चय त्यांनी चाळिशी उलटल्यावर केला. पण हिंगण्याच्या आसपास राहून ते जमणे नव्हते. जो माणूस उपयोगी असतो त्याला हाक मारण्याची कोणालाच चोरी नसते. पुस्तक उघडावे तर आश्रमाचे काम दारात उभे.

तेव्हा त्यांनी फार दूर जाण्याचे ठरवले. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. महायुद्ध चालू होते. पॅसिफिक ओलांडून त्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या; हाती पैसा बेताचा आणि भाषा अर्धीमुर्धी. पुढे त्यांनी जे केले ते विशेष आहे. लोकांच्या घरी राहून त्यांनी घरकाम पत्करले. ज्या बाईसमोर महाराष्ट्रातले सुशिक्षित लोक उठून उभे राहत, तिने परक्यांच्या स्वयंपाकघरात मोलकरणीचे काम केले. व्यापारी नजरेने पाहिले तर हा हिशेब पक्का होता. एकाच कामातून निवारा, जेवण, थोडी मजुरी आणि दिवसभर कानांवर पडणारे इंग्रजी. शिकवणीचा खर्च शून्य. पुढे त्या न्यूयॉर्कलाही गेल्या. १९२० मध्ये त्या परतल्या आणि पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. १९२८ मध्ये त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचेही इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९३० साली छापले गेले. ज्या भाषेसाठी बाई घरातून निघाल्या, त्याच भाषेत त्यांची कहाणी जगापुढे गेली.

त्या दोन वर्षांत हिंगण्याचे काय झाले? संस्था बंद पडली नाही. दुसऱ्यांनी झोळी उचलली. १९१६ मध्ये कर्व्यांनी सुरू केलेले महिला विद्यापीठही चालूच राहिले, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी या गिरणीमालकाने आपल्या आईच्या स्मरणार्थ त्याला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव तेव्हापासूनचे. पार्वतीबाईंच्या गैरहजेरीचा त्या देणगीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. एवढेच दिसते की जिच्यावाचून अडते असे सर्वांना वाटत होते, तिच्यावाचून चालले. नऊ वर्षांनी, १९२९ साली, स्वतः कर्वे सत्तरी गाठल्यावर युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले आणि वर्षभराने परतले. तेव्हाही शाळेची घंटा वेळेवर झाली असणार.

पिंपरीतील घराघरांत आज लागू होते ते नेमके हेच. पैसा नाही म्हणून अडलेला प्रवास व्यापारी कुटुंबांत क्वचित आढळतो. अडते ते सहीमुळे. मालकी हक्काच्या दुकानाचे चालू खाते एकाच सहीवर चालते. बँकेचा ओटीपी एकाच फोनवर येतो. कोणाकडून किती येणे आहे हे उधारीच्या वहीत अर्धे आणि मालकाच्या डोक्यात अर्धे असते. कोणत्या पार्टीला तीस दिवसांची मुदत आणि कोणाला पंचेचाळीस, कोणाचा धनादेश टाकण्याआधी फोन करावा लागतो, हे मुलाला ठाऊक नसते. कारण त्याने विचारले नाही आणि वडिलांनी सांगितले नाही. अशा दुकानाचा मालक लोणावळ्यापलीकडे गेला की त्याचा जीव खालीवर होतो. त्याला अभिमान वाटत असतो की आपल्यावाचून चालत नाही. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला मात्र तीच गोष्ट कर्जाच्या अर्जातली कच्ची बाजू वाटते.

म्हणून तिकिटाच्या आधी काही कागद करावे लागतात. मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या नावे खाते चालवण्याचे अधिकारपत्र बँकेत द्यावे. व्यवहार मोठे असतील तर वकिलाकडून मुखत्यारपत्र करून घ्यावे. घरची खाती ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ या प्रकारात आहेत का, ते पाहावे. नामनिर्देशन तपासावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीला चारपर्यंत वारसदार नोंदवता येतात. कित्येक खात्यांवर मात्र अजून दिवंगत वडिलांचेच नाव आहे. फोनचे रोमिंग चालू ठेवावे, नाहीतर परदेशात ओटीपीवाचून स्वतःचेच पैसे स्वतःला मिळत नाहीत. विम्याच्या अर्जात मधुमेह आणि रक्तदाब स्पष्ट लिहावा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी हमखास वर येतो. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस भरावा लागतो तो खर्चात धरून कपाळाला हात लावू नये. आयकर विवरणपत्रात तो वळता होतो.

आणि एक काम कागदाचे नाही. जाण्यापूर्वी महिनाभर दुकानात बसून गप्प राहायचे. मुलाने भाव सांगावा, सुनेने बिल करावे, चुकले तर संध्याकाळी सांगावे, गिऱ्हाइकासमोर नाही. बऱ्याच जणांना विमानाच्या तिकिटापेक्षा हे महाग पडते. पण पंधरा दिवसांची ही गैरहजेरी परतीच्या तिकिटाची आहे. बिनपरतीची गैरहजेरी प्रत्येक दुकानाच्या वाट्याला एक दिवस येतेच, आणि तिच्या आधी कोणी महिनाभराची सूचना देत नाही.

स्त्रीच्या ‘मागे’ बँकेचा कागद नसतो, म्हणून ते काम सोपे वाटते. ते तसे नाही. घरातील औषधांच्या वेळा, कोणाचे एकासणे, कोणाचे आयंबिल, दूधवाल्याचा हिशेब, पाण्याच्या टाकीचा दिवस, हे सारे कुठेही लिहिलेले नसते. चिंचवड-आकुर्डीच्या सोसायट्यांत दोन्ही वेळचे गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीची जेवणे जिच्या हाती आहेत, ती पंधरा दिवस नसली तर काय होईल, या कल्पनेनेच घर तिला थांबवते. बहुतेक वेळा तीच स्वतःला थांबवते. पार्वतीबाईंनाही हिंगण्यात कोणी कोंडून ठेवले नव्हते.

साठीनंतर एकट्याने निघणाऱ्यांत आणखी एक वर्ग असतो. दोघांनी मिळून जायचे ठरलेले असते, आणि दोघांतले एकच उरते. संयुक्त खात्यातील एक नाव कमी करण्यासाठी मृत्यूचा दाखला घेऊन माणूस बँकेत येतो, तेव्हा कधी कधी शिल्लक रकमेत सहलीसाठी बाजूला ठेवलेली मुदत ठेवही असते. ती मोडून नातवाच्या नावे करावी, असा सल्ला घरातून येतो आणि तो प्रेमाचाच असतो. पण ज्या शहराबद्दल चाळीस वर्षे दोघे बोलले, तिथे एकट्याने जाऊन त्या पुलावर, त्या घड्याळाखाली उभे राहण्यात अपराध कसला? नातवासाठी इतर ठेवी आहेत.

शहर कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. मराठी वाचकांत लंडनची ओढ मोठी आहे, आणि तिचे बरेच श्रेय मीना प्रभू यांना जाते. ‘माझं लंडन’, ‘रोमराज्य’, ‘तुर्कनामा’ ही त्यांची पुस्तके वाचनालयांतून जीर्ण होईपर्यंत वाचली गेली. व्यवसायाने डॉक्टर, संसार लंडनमध्ये. आणि देशोदेशीचा कितीतरी प्रवास त्यांनी एकटीने केला. मार्च २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘सोबत कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकांत जागोजागी आहे : वाटेत भेटलेली माणसे.

लंडनला जाणाऱ्या जैन वाचकांनी ऋतू मात्र पाहून घ्यावा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नवानंतर मावळतो. चौविहार पाळणारा दिवसभर संग्रहालये पाहून निवांत जेवू शकतो. डिसेंबरच्या मध्यावर तोच सूर्य चारच्या आत जातो, म्हणजे दुपारचे जेवण तेच दिवसाचे शेवटचे. तेव्हा व्यापाऱ्याला सोयीचा जानेवारी इथे गैरसोयीचा ठरतो, आणि मे-जूनमधल्या लग्नांपैकी एक-दोन लग्नांना मुलाला पाठवावे लागते. दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेऊ देत नाहीत. पेढे आणि तूप घरीच ठेवावे. खाखरे चालतात. आठवड्याभराचे पुरे आहेत. पुढचे वेंबलीच्या गुजराती दुकानांत मिळतात, आणि तिथला दुकानदार गाव विचारल्याशिवाय बिल करत नाही.