चाळीस हजारांतले चारशे ऐंशी

दिवाळी जवळ आली की गृहस्थाश्रमी माणसाला दोन हिशेब चुकत नाहीत : एक वाण्याचा आणि दुसरा सरकारचा. वाण्याचा हिशेब आमच्या घरी ही पाहते. सरकारचा माझ्याकडे आहे, आणि मी पडलो मराठीचा प्राध्यापक! समासाची फोड मला येते. उत्पन्नाची फोड करायला बसलो की पहिल्याच ओळीत यतिभंग होतो.

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवसा नोकरी करून पदवीची परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी एक संस्था संध्याकाळचा वर्ग चालवते. तिथून मला बोलावणे आले : वीस व्याख्याने, प्रत्येकी २,००० रुपये. एकूण झाले ४०,०००. घरी पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात पुस्तकांचे नवे कपाट घेऊन त्यात पुस्तके लावलीसुद्धा होती.

आमच्या शेजारचे काका निवृत्त करसल्लागार आहेत. त्यांना ही आनंदाची बातमी सांगितली, तर त्यांनी पेढा मागण्याऐवजी पेन्सिल मागितली.

“प्रोफेसर, पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट वगळली की तुमचे करपात्र उत्पन्न किती उरते?”

“११,९८,०००.”

“अरेरे! म्हणजे तुम्ही नेमके उंबरठ्यावर उभे आहात.”

मग काकांनी समजावून सांगितले. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतीत बारा लाखांवर ६०,००० रुपये कर होतो खरा, पण तेवढीच सूट मिळून तो शून्य होतो. बारा लाखांच्या वर मात्र सूट नाही. मग एक रुपया जास्त मिळवणाऱ्याने एकदम साठ हजार भरायचे की काय? तसे होऊ नये म्हणून कायद्याने दया दाखवली आहे : बारा लाखांच्या वर जेवढे मिळवाल, तेवढाच कर भरा, त्याहून जास्त नको. ही दया साधारण १२,७०,५०० रुपयांपर्यंत पुरते.

“आता तुमचे चाळीस हजार मिळवा. झाले १२,३८,०००. बारा लाखांवरचे ३८,००० हा तुमचा कर. त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे १,५२०. एकूण ३९,५२०.”

“आणि मला काय उरले?”

“४८० रुपये.”

वीस संध्याकाळींच्या रिक्षाचे भाडेही त्यात निघत नव्हते!

वाचकहो, इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माझाही होता. उत्पन्न वरच्या टप्प्यात गेले की सगळ्याच उत्पन्नावर वरचा दर लागतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. वरचा दर फक्त वरच्या भागाला लागतो. म्हणून काम वाढवावे की नाही हे ठरवताना ‘एकूण कर किती’ हा प्रश्न नसतोच. ‘शेवटच्या रुपयातले माझ्या हाती किती’ हा असतो. आता गंमत पाहा. वर्षाला तीस लाख कमावणाऱ्याला त्याच्या शेवटच्या रुपयातले जवळजवळ ६९ पैसे उरतात. बारा लाखांचा उंबरठा ओलांडणाऱ्या माझ्यासारख्याला त्या रुपयावर १०४ पैसे भरावे लागतात!

आपल्या देशाने याहूनही उघड कडकपणा पाहिलेला आहे. १९७३-७४ साली दोन लाखांवरच्या उत्पन्नाला अधिभारासह ९७.७५ टक्के दर होता. शंभरातले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याचे. म्हणून श्रीमंतांनी काम सोडले का? फारसे नाही. पुष्कळांनी काम केले आणि वहीत लिहिले नाही. चढे दर हे करचुकवेगिरीचे एक मोठे कारण आहे, असे वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. पुढे हा दर १९७४-७५ मध्ये ७७, १९८५-८६ मध्ये ५० आणि १९९७-९८ मध्ये ३० टक्क्यांवर आला.

शिवाय कर वाढला म्हणून सगळी माणसे एकाच दिशेला जात नाहीत. एक म्हणतो, “कशाला मरमर करायची?” दुसरा म्हणतो, “मुलाची फी तर भरायचीच आहे, आणखी एक शिकवणी धरू.” आणि माझ्यासारख्या घड्याळाला बांधलेल्या नोकरदाराला दर वर गेला काय नि खाली आला काय, घंटेला वर्गात जावेच लागते. करामुळे ज्याचा पाय अडखळतो ते माणूस बहुधा घरातले दुसरे मिळवते माणूस असते. त्याच्या कमाईला आपण ‘जोड’ म्हणतो, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते.

हे मला कळले ते असे. कॉलेजातल्या एका स्नेह्याने युक्ती सांगितली : “बिल वहिनींच्या नावाने काढा. शिकवा तुम्ही, सही त्यांची. कोण बघतो?” कबूल करतो, युक्ती मला गोड वाटली. जेवताना मी ती भीतभीतच हिच्यापुढे मांडली.

ही आमटी वाढता वाढता थांबली. “अहो, नाव माझे घालणार असाल, तर शिकवणारही मीच.”

मी गप्प झालो. ही मराठीचीच एम. ए.; आणि खरे सांगायचे तर गुण माझ्याहून अधिक. मुलगा झाला तेव्हा नोकरी सोडली, त्याला चौदा वर्षे झाली. या चौदा वर्षांत ‘तू शिकवशील का?’ हे मी एकदाही विचारले नव्हते.

काकांना विचारले. ते म्हणाले, “वहिनींनी खरेच शिकवले, तर पैसा त्यांचा. आपल्या कायद्यात नवराबायकोची मिळकत आपापल्या पायावर उभी असते. त्यांचे चाळीस हजार शून्यापासून मोजायचे. कर काही नाही.”

सगळीकडे असे नाही. ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत बायकोची मिळकत करापुरती नवऱ्याचीच समजत. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याची बेरीज निम्मी करून त्यावर कर काढतात आणि त्याची दुप्पट करतात. एकूण कर त्यामुळे कमी होतो; पण थोडे मिळवणारीच्या पहिल्या कमाईलाच नवऱ्यामुळे चढलेला दर लागतो. मग ‘इतके करून उरते काय?’ हा प्रश्न घरोघर तिलाच विचारला जातो. स्वीडनने १९७१ मध्ये नवराबायकोचा कर वेगळा केला, आणि विवाहित स्त्रिया कामाला बाहेर पडण्याला त्याने हातभार लावला.

संस्थेला मी कळवले की, मला जमणार नाही, पण माझ्याहून चांगले शिकवणारे एक नाव सुचवतो. त्यांनी हिला भेटीला बोलावले आणि तिथेच काम ठरले. माळ्यावरून जुन्या टिपणवह्या खाली आल्या. पहिल्या दिवशी निघताना हिचे हात किंचित कापत होते. दहा आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमटी मी केली. तिच्याविषयी चिरंजीवांचे मत येथे देत नाही.

चाळीस हजार पुरते हाती आले. पुस्तकांचे कपाटही आले. त्यातले वरचे दोन खण मात्र हिचे आहेत.