पाय धुतलेलं पाणी



वर्षावास लागला की या सदराकडे गाण्यांची पाकिटं येऊ लागतात. यंदा एका मातेने आपल्या गेलेल्या मुलावर रचलेलं गाणं आलं आहे. मुलगा गेल्यावर दीड वर्ष त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या. शेजारणीने हाताला धरून विहारात नेलं, तिथे हळूहळू मन थाऱ्यावर आलं आणि मग हे गाणं सुचलं. त्यात चूल आहे, दारातली चप्पल आहे, पण तथागतांचं नाव एकदाही नाही. म्हणून मंडळातल्या काहींनी हे धम्मगीतच नव्हे, असा निकाल दिला. आत्मा न मानणाऱ्यांना हे असलं अध्यात्म कशाला, असंही एकजण म्हणाले. बाईंनी विचारलं आहे, नाव घालू का?

घालू नका, ताई. आणि मंडळातल्या बंधूंना पटाचारा थेरीचं सांगा.

श्रावस्तीच्या सावकाराची ही मुलगी घरच्या नोकराबरोबर पळून गेली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा वाटेत वादळ झालं आणि आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा सर्प डसून मेला. नदीला पूर होता. तान्हं बाळ पलीकडे ठेवून ती थोरल्याला आणायला परत पाण्यात शिरली, तोच ससाण्याने तान्हं उचललं. तिने हात उंचावून आरडाओरडा केला, तो थोरल्याला वाटलं आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. श्रावस्तीला पोचली तर रात्रीच्या पावसात घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेलेले. तिला वेड लागलं. अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही, लोक माती फेकून हाकलत. जेतवनात मात्र तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं, भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर आणलं.

ही सारी कहाणी अट्ठकथेत, म्हणजे पुढच्या काळातल्या टीकेत आहे. पटाचारेच्या स्वतःच्या गाथा ‘थेरीगाथे’त आहेत, फक्त पाच. त्यांत ना सर्प, ना पूर, ना मुलं! शेत नांगरून पेरणारे आपलं घर चालवतात, मग मन लावून कष्ट करणाऱ्या मलाच का साधत नाही, एवढी एक तक्रार. पुढे पाय धुतलेलं पाणी उताराने वाहत जाताना ती बघत राहते. मग दिवा घेऊन कोठडीत जाते, बिछाना बघते, सुईने वात खाली ओढून दिवा मालवते, आणि तिथेच चित्त सुटतं. शास्त्याच्या शिकवणीचा उल्लेख ओझरता, नाव नाहीच. दिवा मालवणं म्हणजे काय हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. यात आत्मा कुठे आला? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी आत्मा साफ नाकारला, पण दुःख आणि मन नाकारलेलं नाही.

तिच्याकडून शिकलेल्या पाचशे थेरींच्या नावावरही गाथा आहेत. मूल आलं कुठल्या वाटेने आणि गेलं कुठल्या वाटेने, हेच ठाऊक नसताना शोक कशाचा, असा त्यांचा आशय. आपल्या ताईंनी त्या वाचल्या नसाव्यात, तरी त्यांची चप्पल त्याच वाटेवरची आहे.

बायांची गाणी अशी हातातल्या कामातूनच येतात. मुत्ता थेरीच्या गाथेत उखळ-मुसळ आहे. नदीवर पाणी भरणाऱ्या पुण्णा दासीने तर थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणालाच सुनावलं, की पाण्याने पाप धुतलं जात असेल तर बेडूक आणि कासवं आधी स्वर्गात जातील. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या भरपूर आहेत. त्या रचणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

ताईंच्या गाण्यात एकच दुरुस्ती सुचवते. शेवटचं कडवं सिनेमाच्या चालीत बसवायला शब्द ओढलेले आहेत. ते सोडून द्यावं, त्याआधीचं कडवं पुरेसं आहे. गाणं पुढच्या अंकात छापू. बाकीच्या भगिनींनी गाणी पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहावीत.