अब्रू नावाचा पिंजरा

किम की-यंगचा १९६० सालचा कोरियन सिनेमा 'द हाउसमेड' पाहताना मला सारखा 'पिंजरा' आठवत होता. व्ही. शांतारामांचा, १९७२ चा. दोन्हीकडे नायक मास्तरच! तिकडे गिरणीतल्या मुलींना गाणं शिकवणारा, इकडे डॉ. लागूंचे आदर्श गुरुजी. एक मोलकरणीपायी घसरतो, दुसरा तमासगिरिणीपायी. म्हणून लोक दोन्हींना 'वासनेची कथा' म्हणून मोकळे होतात, आणि दोष अर्थातच बाईच्या माथी!

मला हे पटत नाही. घसरल्यानं एवढा सत्यानाश होत नाही, तो झाकल्यानं होतो. कोरियन बायकोनं शिवणयंत्र चालवून चालवून दुमजली घर उभं केलेलं. नवऱ्याचं प्रकरण तिला कळतं, पुढे पोटचा मुलगा जिन्यावरून पडून जातो, तरी पोलिसांत कुणी जात नाही. का? तर नवऱ्याची नोकरी जाईल! इकडे गुरुजी मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं. तो पुतळा अभंग राहावा म्हणून गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात फाशी पत्करतात.

'घरातलं घरातच राहू द्या' हे वाक्य आपल्या संभाजीनगरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत कुठेही ऐकू येतं. काका-मावश्या रागावतील, पण मला ते शहाणपण वाटत नाही. बोललं तर चार दिवस अब्रू जाते, झाकलं तर माणूस जातो.

असो. तुम्हाला काय वाटतं?