फुकट तिकिटाचा हिशेब

अमेरिकेतल्या छोट्या विमान कंपन्यांत वैमानिक होणाऱ्या मुलांना पगाराइतकीच भुरळ पडते ती फुकट प्रवासाची. सहसा अम्मी-अब्बांनाही ही सवलत असते. पण तिकीट ‘स्टँडबाय’. जागा उरली तरच चढायचे. कॉकपिटमधली जादा खुर्ची वैमानिकाला मिळू शकते, घरच्यांना नाही.

एन्व्हॉय अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीची, एन्डेव्हर डेल्टाच्या. स्कायवेस्ट स्वतंत्र, ती डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, अलास्का अशा चौघांसाठी उडते. शिवाय रांग कशी लागते हे विचारा: नोकरीच्या ज्येष्ठतेने, की चेक-इनच्या वेळेने? नव्या मुलाला दुसरी पद्धत सोयीची.

माझे मत विचाराल तर आधी बेस पाहावा. घर एका शहरात नि बेस दुसऱ्या, तर ही सारी सवलत ड्यूटी गाठण्यातच संपते, आणि अम्मी-अब्बांचे तिकीट राहूनच जाते.